गणपतीच्या मागची नावं

लग्नपत्रिका रद्दीत टाकायची नाही, ही आमच्या आईची आज्ञा. का, तर पत्रिकेवर गणपती असतो आणि गणपती रद्दीवाल्याच्या तराजूत जाता कामा नये. मग ती काय करते, तर लग्न पार पडलं की कात्री घेते, गणपती गोल कापून काढते, पत्र्याच्या डब्यात ठेवते आणि उरलेली पत्रिका खुशाल रद्दीत टाकते. दर वर्षी विसर्जनाला डब्यातले गणपती निर्माल्याबरोबर सोडायचं ठरतं आणि दर वर्षी राहून जातं. लग्न होऊन ती अंबरनाथजवळच्या मोरिवलीत आली तेव्हापासून हे चालू आहे. आता डबे तीन झालेत.

यावरून आम्ही भावंडांनी तिची भरपूर चेष्टा केली आहे. या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि चेष्टा आमच्यावरच उलटली.

माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. बदलापूरला कात्रपच्या फ्लॅटमध्ये मी आणि मुलगी दोघीच. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्याच्या ऑफिसात मी तीस वर्षं काढली, पत्रव्यवहार बघण्यात. साहेबाच्या पत्रातली चूक मी खालून वर वाचून पकडायची. त्यामुळे पत्रिकेचा मजकूर मीच करणार हे न बोलता ठरलं. भाऊ म्हणाला, "ताई, लिहायचं तुझ्याकडे, कन्यादानाला मी आणि तुझी वहिनी बसतो." निमंत्रक म्हणून त्यांचीच नावं टाकायची, हेही ठरलं. एका चुलतभावाच्या घरची जुनी पत्रिका समोर ठेवली, तिच्याच साच्यात आपली माणसं भरली आणि कागद घेऊन मोरिवलीला गेले.

मोरिवलीत आता गाव थोडं आणि कारखान्यांच्या भिंती जास्त. आमचं घर अशाच एका भिंतीला पाठ लावून उभं आहे. बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे. शेती गेल्यावर कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला.

"चांगलं झालंय. पण मोठ्या बायचं नाव राहिलं. आशीर्वादाच्या ओळीत टाक. सगळ्यात वर."

"टाकते की. काय नाव होतं?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग आईकडे बघितलं. आई भाजी निवडायची थांबली.

"अगं, मोठी बाय म्हणजे मोठी बाय," आई म्हणाली. "नाव कोण विचारतंय? मी सासूसारखीला नाव विचारलं असतं तर तोंडात बसली असती माझ्या."

म्हणजे ज्या बाईने माझ्या बापाला वाढवलं तिचं नाव घरात कोणालाच माहीत नव्हतं.

मोठी बाय ही बाबांची चुलती. मी दुसरीत असताना ती गेली, त्यामुळे मला आठवतात ते तिचे हात, भाकरीच्या पिठाने कायम पांढरे. बाबांची आई ते दीड वर्षांचे असताना वारली. मोठ्या बायचा नवरा त्याच्या आदल्या वर्षीच साप चावून गेला होता आणि तिला मूलबाळ नव्हतं. आमच्यात विधवेचा पाट लावतात, म्हणजे दुसरं लग्न करून देतात. तिचा भाऊ बैलगाडी घेऊन तिला न्यायला आला होता, स्थळही बघून ठेवलं होतं. ती म्हणाली, ही दोन पोरं जरा मोठी होऊ देत, मग येते. दोन पोरं म्हणजे बाबा आणि त्यांची मोठी बहीण, माझी आत्या. पोरं मोठी झाली, शाळेत गेली, बाबांना मिसरूड फुटलं. ती काही गेली नाही.

एवढं मला माहीत होतं. पुढचं बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

आत्याचं लग्न ठरलं तेव्हा बाबा सतरा वर्षांचे. घरात धड लिहिता येणारे ते एकटेच, म्हणून पत्रिकेचा मजकूर त्यांनी लिहिला. विधवेचं नाव मंगलकार्यात छापत नाहीत हे त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगावं लागतच नव्हतं. पत्रिका छापून आली तेव्हा मोठी बाय चुलीपाशी बसली होती. म्हणाली, वाच रं. बाबांनी वाचली. मामे, मावसे, लांबचे चुलते, भावकीतले ज्यांचं तोंडही कोणी बघितलं नव्हतं असे, सगळे आले. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "बेस हाय. सगली आली."

"आणि मला तेव्हा काही वाटलंसुद्धा नाही," बाबा म्हणाले. "हेच मला छळतं बघ. मी शाबासकी घेऊन उठलो तिथून." मग म्हणाले, "नातीच्या पत्रिकेत तिचं नाव छापलेलं मला बघायचंय. तेवढं कर. मग मी मोकळा."

माझ्या बापाने माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. मी कंबर कसली.

पहिल्यांदा जुनं रेशनकार्ड काढलं. त्यावर तिचं नाव होतं 'मोठीबाई'. कचेरीत नाव सांगायला गेलेले बाबाच. ते कार्ड हातात घेऊन त्यांनी जी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. जमिनीच्या उताऱ्यावर तिच्या नवऱ्याचं नाव कापून थेट आजोबांचं लागलं होतं, मधे ती कुठेच नाही. शाळेत ती कधी गेली नव्हती. मृत्यूची नोंद झाली नव्हती, गावच्या मसणात गावच्या माणसांनी नेलं, संपलं. आत्याला कदाचित माहीत असेल, पण आत्याही आता नाही. मोठ्या बायच्या माहेरचं विचारलं, तर बाबा म्हणाले, तिथे आता कोणी उरलं नसेल, आणि विषय बदलला. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरले. "मोठी बाय ना? अगं, देवमाणूस!" असं सगळे म्हणायचे. अहो, पण नाव? "तेच की, मोठी बाय."

"आणि सासरचं म्हणून लग्नात वेगळं नाव ठेवतात ना," आईने आणखी भर घातली, "ताटातल्या तांदळात अंगठीने लिहितात ते. ते तांदूळ शिजवून खाल्ले की नावही पोटात गेलं."

पंधरा दिवस मी असे हात हलवत परत येत होते. माझ्या तीस वर्षांच्या पत्रव्यवहाराचा मला चांगलाच राग आला. कुठल्या कंपनीला कोणत्या तारखेला काय कळवलं ते मला तोंडपाठ, आणि घरच्या बाईचं नाव नाही!

एका रविवारी मुलीला घेऊन मोरिवलीला गेले होते. तिला पत्रिकेवर जुन्या पद्धतीचा गणपती हवा होता, म्हणून आईने डबे खाली काढले. मुलीने एक गणपती उचलला, फुंकर मारली आणि सहज उलटा केला.

"मम्मी, याच्या मागे काहीतरी लिहिलंय."

लिहिलेलं असणारच! घडीची पत्रिका, बाहेर गणपती आणि त्याच्या पाठीवर आतल्या पानाचा मजकूर. आईने गणपती वाचवले आणि प्रत्येकाबरोबर पाठीमागचा गोलभर मजकूर आपोआप वाचला. इतकी वर्षं आम्ही त्या डब्यांना हसत होतो आणि आमची अख्खी भावकी त्यात पडून होती. मी आणि मुलगी खालीच बसलो आणि एकेक गणपती सतरंजीवर उपडा मांडत सुटलो.

आई कडाडली. "गणपती उपडे घालता? लग्नघरात?"

शेवटी तोड निघाली. पाटावर धुतलेलं पांढरं कापड घालायचं, एका वेळी एकच गणपती हातात घ्यायचा, मुलीने पाठीचा फोटो काढायचा आणि गणपती लगेच सुलटा ठेवायचा. आई शेजारी बसून लक्ष ठेवणार. चार रविवार हे काम चाललं. बहुतेक तुकडे अर्धेमुर्धेच होते. एकावर नुसतं 'च्या लग्नाला यायचं हं', एकावर गावाचं नाव आणि 'घरासमोरील मंडपात'. शिवमंदिराजवळ आमच्यातलं एक लग्न लागलं होतं हे मला तिथेच कळलं. एक चुलते एका गोलात साधे होते आणि दुसऱ्या गोलात त्यांच्यामागे 'कै.' लागला होता. मुलीने त्या दोन लग्नांच्या मधे त्यांचं जाणं मांडून ठेवलं आणि वहीत भावकीचं झाड काढायला घेतलं. आईसुद्धा रंगली. "ही पिवळी माझ्या चुलत नणंदेची," असं गणपतीच्या तोंडवळ्यावरून सांगायला लागली आणि तिचं दहापैकी आठ वेळा बरोबर निघायचं.

तिसऱ्या डब्याच्या तळाशी जाड कागदाचा एक गणपती निघाला, लाल शाईचा, कडेला हळदीचा डाग असलेला. पाठीवर पहिलीच ओळ कात्रीने तिरकी गेलेली. तिच्यात एवढंच उरलं होतं: 'बाई (वराची आत्या)'. खाली बदलापूरच्या पलीकडच्या एका गावाचं नाव.

बाबांनी तो तुकडा खिडकीपाशी नेऊन बघितला.

"हे मोठ्या बायचं माहेर," ते म्हणाले. "तिच्या भाच्याचं लग्न. तिला घेऊन मीच गेलो होतो." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "तिच्या भावाने छापलं होतं गं! बहाद्दराने विधवा बहिणीचं नाव छापलं होतं, आणि मी ती पत्रिका हातात घेऊन लग्नाला गेलो नि मला दिसलं नाही!"

आई रडकुंडीला आली. नाव नेमकं तिच्याच कात्रीखाली गेलं होतं. बाबा तिच्यावर चिडतील असं मला वाटलं, पण ते म्हणाले, "तू कापलंस म्हणून एवढं तरी राहिलं. बाकीच्या घरांत काय आहे?" आमच्या बाबांच्या तोंडून आईचं कौतुक म्हणजे उंबराचं फूल.

बाबा त्या गावी यायला तयार नव्हते. मोठी बाय गेल्यावर त्यांनी तिच्या माहेरचं जाणं-येणं सोडलं होतं. "कोणत्या तोंडाने येऊ?" म्हणाले. मग मी एकटीच बदलापूरहून रिक्षा करून गेले, पर्समध्ये छोट्या डबीत तो गणपती. घर सापडलं. ज्या भाच्याची ती पत्रिका, तो चार वर्षांपूर्वी वारला होता. त्या पत्रिकेतली नवरी मात्र ओटीवर बसून वाल सोलत होती. सत्तरी उलटलेली, डोळे टवटवीत. नात्याने माझी काकी. मी कोण ते सांगितलं, गणपती दाखवला.

"अगो बाय, माज्या लग्नाचा गनपती!" तिने तो कपाळाला लावला. मी घाबरत घाबरत आत्याबाईंचं नाव विचारलं.

काकीने हातातला वालही खाली ठेवला नाही. पटकन नाव सांगितलं. आम्ही दीड महिना ज्यासाठी वणवण केली ते तिच्या जिभेवर होतं. सासऱ्यांनी बहिणीला शेवटपर्यंत माहेरच्याच नावाने हाक मारली, म्हणाली. वर्षातून एकदा ती चार दिवस राहायला यायची आणि त्यातले दोन दिवस नुसती झोपायची. कोणी उठवायचं नाही, असा सासऱ्यांचा हुकूम होता.

खोटं कशाला सांगू, मी त्या ओटीवर हमसून रडले. काकीने रडू दिलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांना ते आता माहीत आहे.

पत्रिका उल्हासनगरला छापायला दिली, तीन नंबरच्या कॅम्पात, एका सिंधी प्रेसवाल्याकडे. आमच्याकडच्या निम्म्या पत्रिका तोच छापतो, त्यामुळे 'शुभाशीर्वाद' आणि 'निमंत्रक' त्याला आमच्यापेक्षा जास्त समजतं. "मॅडम, इस लाइन में सबसे ऊपर लेडीज का नाम?" त्याने एकदा विचारून खात्री केली. "हो, सबसे ऊपर," मी म्हणाले. मोबाईलवर नमुना आला. मुलीने हॉलचा पत्ता तपासला, भावाने मानपान तपासलं, मी काना-मात्रा तपासल्या. बाबांनी तीनदा वाचला. आधी पन्नास काढून रंग बघू, मग बाकीच्या, असं ठरलं.

पन्नासातली पहिली पत्रिका देवापुढे ठेवली. दुसरी मोठ्या बायच्या माहेरी. या वेळी बाबा स्वतः निघाले, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, खिशात अक्षतांची पुडी.

काकीने आम्हाला बसवलं, पाणी दिलं, चष्मा शोधला. चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे एकेका शब्दावर बोट ठेवून वाचणार. पहिल्या नावावर बोट थांबलं. तिने पत्रिका डोळ्यांना लावली.

"भावजी, बरं केलंत," म्हणाली.

बाबांनी रुमाल काढला. माझाही जीव भांड्यात पडला. झालं एकदाचं. चहा आला, बशीत चकल्या आल्या. काकी वाचतच होती. आत्या, मामा, काका, पोरंबाळं, सगळं संपवलं, पत्रिका उलटून मागे बघितलं आणि पुन्हा पहिल्या पानावर आली.

"आनि हिचं नाव कुठं हाय?"

"कोणाचं?" बाबांनी विचारलं.

"हिचं. पोरीच्या आयशीचं."

मी हसले. "असं काय काकी, असेल की." पत्रिका हातात घेतली. माझ्या यजमानांचं नाव होतं, मागे 'कै.' लावून, 'यांची कन्या'. निमंत्रक भाऊ आणि वहिनी. आशीर्वादात आई-बाबा. मी वरून खाली वाचलं, मग सवयीने खालून वर वाचलं. माझं नाव नव्हतं.

कोणी गाळलं नव्हतं. मजकूर माझाच. साच्यात जागा नव्हती, म्हणून मी स्वतःला भरलं नाही, आणि भरलं नाही हे मला कळलंसुद्धा नाही. मरून पन्नास वर्षं झालेल्या बाईच्या नावासाठी मी सगळा तालुका पालथा घातला, आणि स्वतःच्या हाताने स्वतःला पुसून काना-मात्रा तपासत बसले! संतापाने माझे कान तापले. पण संताप काढायचा कोणावर, तेच कळेना.

"मेलेलीला वर बसवलीत नि जितीला इसरलात व्हय?" काकी म्हणाली. चिडून नाही, सहज.

बाबांचा हात कपाळाला गेला. "मी तीनदा वाचली गं," ते मला म्हणाले. "तीनदा."

"आता रडत काय बसता?" काकीने बशी आमच्याकडे सरकवली. "छापायच्या हायत ना अजून? मग! च्या घ्या आधी, निवतोय."

आम्ही चहा घेतला. निघताना मी वाकले तेव्हा तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि लग्नाला आदल्या दिवशीच येते म्हणाली.

रिक्षात बसल्या बसल्या बाबांनी माझी पर्स माझ्या मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "फोन लाव त्याला. आत्ता."

प्रेसवाल्याने उचलला, मागे मशीनचा आवाज. "बोलो मॅडम, बाकी का माल अभी चढ़ाने वाला हूँ."

"रुको," मी म्हणाले. "लड़की की माँ का नाम छूट गया है."

"मैंने देखा था मॅडम. मुझे लगा, आप लोगों में ऐसा ही होता है."

"होता था," मी म्हणाले.

"ठीक है, बोलो, क्या नाम डालूँ?"

बाबा माझ्याकडे वळून बसले. रस्ता खोदलेला होता, रिक्षा खडखडत होती, तिकडे मशीन चालू होतं. मी माझं नाव सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही. मग मी ते पुन्हा सांगितलं, पूर्ण, रिक्षावाल्याने मागे वळून बघावं इतक्या मोठ्याने.